खाटेला बांधलेला विमा : प्रौढांचा एडीएचडी आणि आरोग्यविम्याचा इतिहास

मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा संरक्षण मिळाले पाहिजे, असा कायदा या देशात २०१८ पासून लागू आहे. कायदा स्पष्ट आहे, न्यायालयाचा निकाल स्पष्ट आहे, विमा नियामकाची परिपत्रकेही स्पष्ट आहेत. तरीही एडीएचडीचे निदान झालेला तिशी-चाळिशीतला माणूस डॉक्टरांची फी, तपासणी, समुपदेशन आणि महिन्याच्या गोळ्या यांच्या पावत्या घेऊन विमा कंपनीकडे जातो, तेव्हा बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते. तुम्ही रुग्णालयात दाखल नव्हता, म्हणून दावा देय नाही.

हे उत्तर बेकायदेशीर आहे का? दुर्दैवाने, नेहमीच नाही. आणि आमच्या मते खरा प्रश्न इथेच आहे. कायद्याने समता दिली आणि तरी माणसाच्या हातात काही पडले नाही, असे या देशात पहिल्यांदा घडत नाही. हे कसे घडले हे समजून घ्यायचे तर २०१८ पासून सुरुवात करून चालणार नाही. १९८६ पर्यंत मागे जावे लागेल, आणि त्याच्याही मागे १९४४ पर्यंत.

दोष कुणाचा ठरवला गेला?

आधी आजाराबद्दल. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवण्याची, आवेग आवरण्याची आणि काम टप्प्याटप्प्याने पुरे करण्याची मेंदूची यंत्रणा वेगळ्या पद्धतीने चालणे. प्रौढ माणसात त्याचे रूप पोरासारखे उड्या मारण्याचे नसते. अर्ज भरायची मुदत निघून जाते, बिल भरायचे राहते, हातातले काम अर्धे टाकून दुसरे सुरू होते, रागाच्या भरात नोकरी सोडली जाते. बाहेरून पाहणारा म्हणतो, आळशी आहे. आतून जगणारा स्वतःला तेच म्हणत राहतो.

वैद्यकशास्त्रानेही सुरुवात याच सुरात केली. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे व्याख्याने दिली. चंचल, आवेगी मुलांचे त्याने केलेले वर्णन आजच्या एडीएचडीच्या इतिहासात पहिल्या पानांवर येते. पण त्याने त्याला दिलेले नाव होते नैतिक नियंत्रणातला दोष. म्हणजे मुलाच्या वागण्याला त्याच्या नीतिमत्तेची उणीव समजले गेले.

त्याच काळात आपल्याकडे काय चालले होते? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा लागू होता. अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवून पोलिसांच्या हजेरीत बांधले होते. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. या दोन गोष्टींचा थेट संबंध होता असे आमचे म्हणणे नाही. पण विचाराची जात एकच आहे. माणसाचे वागणे समजून घ्यायच्या आधी त्याच्यावर नीतीचा शिक्का मारायचा. लंडनच्या मुलाच्या कपाळावरचा शिक्का वैद्यकशास्त्राने पुढे पुसला. आपल्याकडे जमातीच्या कपाळावर मारलेला शिक्का कायदा रद्द होऊनही आजतागायत पुरता पुसला गेलेला नाही.

पुढचा प्रवास थोडक्यात असा. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी बेन्झेड्रिन या उत्तेजक औषधाने अशा मुलांचे लक्ष सुधारते हे नोंदवले. १९६८ च्या अमेरिकन निदानपुस्तिकेत हा बालपणातला अतिचंचलतेचा विकार म्हणून आला. १९८० मध्ये लक्षाच्या उणिवेला मध्यवर्ती स्थान मिळाले आणि १९८७ मध्ये एडीएचडी हे नाव रुळले. मोठेपणीही हा त्रास टिकतो याची नीट दखल मात्र २०१३ च्या आवृत्तीत घेतली गेली. लक्षणे बाराव्या वर्षाच्या आधी दिसलेली असावीत आणि १७ वर्षांवरील व्यक्तीत सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी मानावीत, असे तिने ठरवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिने एडीएचडीला मेंदूच्या विकासाशी निगडित विकारांच्या गटात ठेवले आहे.

हा इतिहास सांगण्याचे कारण आहे. नीतीच्या दोषापासून वैद्यकीय निदानापर्यंत यायला शंभराहून जास्त वर्षे लागली. निदान झाले की उपचार आला, उपचार आला की खर्च आला, आणि खर्च आला की तो कोण उचलणार हा प्रश्न आला. तिथे विम्याचा इतिहास सुरू होतो.

बाबासाहेबांच्या मजूर खात्यातला आरोग्यविमा

आरोग्यविमा ही खासगी कंपन्यांनी आणलेली चीज आहे, असा आजच्या नोकरदार तरुणाचा समज असतो. त्याने हे वाचावे.

जुलै १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. कामगारांच्या आरोग्यविम्याची चर्चा त्याआधीच्या मजूर आयोगानेही केली होती, पण ती कागदावर पडून होती. बाबासाहेबांच्या कारकिर्दीत, मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्यावर औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवले गेले. ऑगस्ट १९४४ मध्ये आडारकरांनी अहवाल दिला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या तज्ज्ञांनी तो तपासला. नोव्हेंबर १९४६ मध्ये विधेयक आले तेव्हा बाबासाहेब त्या खात्यातून बाहेर पडले होते आणि जगजीवनराम मजूरमंत्री होते. एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, ज्याला आपण ईएसआय म्हणतो. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली.

या योजनेचा गाभा काय होता? मालकाने आणि कामगाराने वर्गणी द्यायची, आजारी पडल्यावर दवाखाना आणि औषध मिळायचे, आणि आजारपणात बुडालेल्या मजुरीची काही भरपाईही मिळायची. लक्षात घ्या, इथे विमा दवाखान्याच्या दारापासून सुरू होतो. साधी ओपीडी, महिन्याच्या गोळ्या, विश्रांतीची रजा, सगळे त्यात येते. खाटेवर आडवे झाल्याशिवाय तुम्ही आजारी नाही, असे ही योजना म्हणत नाही. दीर्घ आजारांसाठी वाढीव आजारपण लाभ देताना तिच्या यादीत स्किझोफ्रेनिया आणि तीव्र नैराश्यासारखे मानसिक आजारही आहेत. एडीएचडी त्या यादीत नाही. पण ओपीडीचे दार तरी उघडे आहे.

बाबासाहेब एवढ्यावर थांबलेले नव्हते. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी विमा व्यवसायाची मक्तेदारी राज्याकडे असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा घेणे सक्तीचे असावे, अशी मागणी केली. तो आयुर्विमा होता हे खरे, पण त्यामागची भूमिका ओळखा. माणसाच्या सुरक्षिततेचा प्रश्न बाजारावर सोपवायचा नाही. ज्याच्याकडे पैसा आहे त्यालाच संरक्षण मिळत असेल तर ते संरक्षण सौदा होते, त्याला हक्क म्हणता येत नाही.

याच काळात भोर समितीचा अहवाल आला, १९४६ मध्ये. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, हे त्या अहवालाचे सूत्र होते. मनोरुग्णालयांची अवस्थाही समितीने मांडली होती. संपूर्ण देशासाठी जेमतेम दहा हजारांच्या आसपास खाटा. म्हणजे मानसिक आजाराचा प्रश्न राज्यकर्त्यांना माहीत नव्हता, असे कुणी म्हणू नये.

१९८६ : विमा खाटेला बांधला गेला

चार दशकांनी दिशा बदलली. १९८६ मध्ये सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी मेडिक्लेम बाजारात आणला. त्याचा पाया रुग्णालयात दाखल होणे हा होता. साधारण चोवीस तास दाखल राहिलात तर खर्च मिळेल, अन्यथा नाही. १९९९ च्या कायद्याने विमा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले आणि हाच साचा देशभर पसरला. त्याच्या जोडीला मानसिक आजार अनेक पॉलिसींच्या वगळलेल्या बाबींच्या यादीत जाऊन बसले.

म्हणजे दुहेरी कुंपण. पहिले कुंपण म्हणते, मनाचा आजार असेल तर नाही. दुसरे म्हणते, खाट नसेल तर नाही. पुढची सगळी लढाई पहिल्या कुंपणाशी झाली. दुसरे जवळपास तसेच उभे आहे.

पहिले कुंपण कसे पडले ते पाहू. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि मे २०१८ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम २१ च्या पोटकलम ४ ने प्रत्येक विमा कंपनीवर बंधन घातले की शारीरिक आजाराला जशी वैद्यकीय विम्याची सोय आहे त्याच धर्तीवर मानसिक आजारालाही असावी. ऑगस्ट २०१८ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने कंपन्यांना तसे आदेश दिले. सप्टेंबर २०१९ मध्ये नियामकाने कोणत्या बाबी वगळता येणार नाहीत याची यादीच दिली. तिच्यात मानसिक आजार होते, तसेच वर्तन आणि मेंदूच्या विकासाशी निगडित विकारही होते. एडीएचडीसाठी लढणाऱ्याने ही ओळ पाठ करून ठेवावी.

तरी कंपन्या जुनेच कलम दाखवत राहिल्या. एका महिलेने मानसिक आजारासाठी रुग्णालयात घेतलेल्या उपचाराचा दावा सरकारी विमा कंपनीने फेटाळला, तेव्हा प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की कायदा लागू झाल्या दिवसापासून कंपनी बांधील आहे आणि पॉलिसीत जुना मजकूर शिल्लक आहे ही सबब चालणार नाही. त्यानंतरही ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामकाला पुन्हा परिपत्रक काढून ३१ ऑक्टोबर २०२२ ची मुदत द्यावी लागली. एक साधे वाक्य अमलात यायला चार वर्षे, एक निकाल आणि तीन आदेश लागले!

अमेरिकेतही असेच घडले होते. १९९६ च्या समानता कायद्याने मानसिक आजारासाठी रकमेची वेगळी मर्यादा घालायला बंदी केली, तर कंपन्यांनी डॉक्टरकडे किती वेळा जाता येईल यावर बंधने टाकली. ती पळवाट बंद करायला २००८ चा कायदा आणावा लागला, आणि २०१० च्या आरोग्य कायद्याने वैयक्तिक व लहान समूहांच्या पॉलिसींत मानसिक आरोग्यसेवा आवश्यक लाभांत घातली. दार उघडा म्हटले की प्रस्थापित व्यवस्था दार उघडते आणि उंबरा वाढवते.

समान म्हणजे काय?

आता मूळ मुद्द्यावर येऊ. कायदा म्हणतो, त्याच धर्तीवर. कंपनी म्हणते, आम्ही शारीरिक आजाराची ओपीडी देत नाही, म्हणून मानसिक आजाराचीही देत नाही. समता झाली!

ही समता कागदी आहे. अपेंडिक्सचा रुग्ण खाटेवर जातो. एडीएचडीचा प्रौढ रुग्ण जवळपास कधीच जात नाही. त्याचे निदान रक्ततपासणीने होत नाही. मनोविकारतज्ज्ञाला बालपणापासूनचा इतिहास तपासावा लागतो, मानसशास्त्रज्ञाच्या चाचण्या होतात. औषधे मेथिलफेनिडेट किंवा ॲटोमोक्सेटिनसारखी असतात. त्यातले मेथिलफेनिडेट अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत असल्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक औषध दुकानात असतेच असे नाही. सोबत वर्तन-समुपदेशन, आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा. यातला एकही टप्पा खाटेवर होत नाही. मग खाटेचा नियम सर्वांना सारखा लावणे म्हणजे एका आजाराला पूर्ण संरक्षण आणि दुसऱ्याला शून्य.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीच्या जीवनात आपण प्रवेश करत आहोत. कलम २१ ची आजची अवस्था हे त्या विसंगतीचे छोटे रूप आहे. हक्क कायद्याच्या पुस्तकात आहे, खर्च रुग्णाच्या खिशात आहे.

विम्याची उतरंड

त्यात पुन्हा सगळ्यांचे हाल सारखे नाहीत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १९५४ पासून सीजीएचएस आहे, त्यात ओपीडी आणि औषधे येतात. मोठ्या कंपनीतल्या नोकरदाराला समूह विमा आहे, आणि काही समूह पॉलिसींत ओपीडीचा जादा लाभही असतो. त्याखाली महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेला कारखान्यातला कामगार, त्याला ईएसआय. त्याखाली स्वतःच्या पैशाने पॉलिसी घेणारा, त्याला खाट. त्याखाली आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभार्थी, त्यालाही खाट. आणि तळाला ठेकेदाराकडे राबणारा सफाई कामगार. कायद्याने त्याला ईएसआय मिळायला हवा, पण ठेकेदार वर्गणीच भरत नाही अशा तक्रारी ठिकठिकाणी आहेत.

याला श्रेणीबद्ध विषमता म्हणायचे नाही तर काय? प्रत्येक पायरीवरचा माणूस खालच्यापेक्षा बरा आहे म्हणून गप्प बसतो. जोतिरावांचे नाव योजनेला दिले, चांगलेच झाले. पण ज्या जोतिरावांनी अज्ञानाचे मूळ माणसाच्या जन्मात न शोधता व्यवस्थेत शोधले, त्यांच्या नावाच्या योजनेत मनाच्या ओपीडीला जागा नसावी, हे त्या नावाला शोभत नाही.

‘हा तर श्रीमंतांचा आजार’

आमच्यातलेच काही कार्यकर्ते विचारतील, वस्तीत भूक, बेरोजगारी आणि अत्याचार असताना हे एडीएचडीचे काय घेऊन बसलात? इंग्रजी बोलणाऱ्या शहरी पोरांचे हे फॅड आहे.

प्रश्न रास्त आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. आजार मेंदूचा आहे, तो जात किंवा उत्पन्न पाहून येत नाही. निदान मात्र उत्पन्न पाहून येते. तोच गुण वरच्या घरातल्या मुलात दिसला तर पालक तज्ज्ञाकडे नेतात. आमच्या मुलात दिसला तर मास्तर म्हणतात, यांच्या डोक्यात शिरतच नाही. पुढे तोच मुलगा राखीव जागेवर नोकरीला लागला आणि फाईल वेळेत पुरी झाली नाही, की गुणवत्तेचे टोमणे सुरू. एकाच्या विसराळूपणाला वैद्यकीय नाव मिळते, दुसऱ्याच्या विसराळूपणाला जातीचे नाव मिळते.

इथे एक सावधगिरी हवी. शाळा सुटलेले प्रत्येक मूल किंवा नोकरी न टिकलेला प्रत्येक माणूस एडीएचडीचा नसतो. उपासमार, भेदभाव आणि वाईट शाळा ही कारणे गोळीने जात नाहीत, आणि त्यांच्यावर आजाराचे पांघरूण घालू देता कामा नये. म्हणूनच योग्य तज्ज्ञाचे निदान परवडले पाहिजे. ते परवडत नाही तोवर खरा आजार कोणता आणि अन्याय कोणता, हे वेगळे करणेच अशक्य आहे.

निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने वेगवेगळ्या मानसिक आजारांत उपचाराविना राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के सांगितले. ही माणसे कुठल्या वस्त्यांत जास्त असतील हे सांगायला नवे सर्वेक्षण लागत नाही. आणि २०१७ च्या कायद्याचे कलम १८ जात, वर्ग, लिंग, धर्म यांवरून भेद न करता परवडणारी मानसिक आरोग्यसेवा हा हक्क मानते. ‘जात’ हा शब्द त्या कलमात लिहिलेला आहे. तो आपण वापरायचा की नाही, हे आपल्यावर आहे.

आज काय करता येईल?

ज्यांच्याकडे विमा आहे त्यांनी आधी आपली पॉलिसी वाचावी. ओपीडी लाभ आहे का, मानसिक आजारासाठी वेगळी कमी मर्यादा घातली आहे का, हे पाहावे. नवी पॉलिसी घेताना निदान लपवू नये, लपवलेली माहिती पुढे दावा फेटाळायला कारण ठरते. आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षा कालावधी एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने आहे. डॉक्टरांकडून निदान आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या नावासह लेखी घ्यावे.

दावा नाकारला तर कारण आणि पॉलिसीचे कलम लेखी मागावे. कंपनीच्या तक्रार कक्षाने ऐकले नाही तर विमा लोकपालाकडे जावे. त्याला फी नाही, वकील लागत नाही, आणि मुंबई व पुण्यात त्याची कार्यालये आहेत. कंपनीने अंतिम नकार दिल्यापासून एका वर्षात तक्रार करावी लागते. ज्यांच्याकडे विमाच नाही त्यांनी जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभाग गाठावा. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला सरकारी मानसिक उपचार मोफत मिळण्याचा हक्क याच कायद्यात आहे. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

पण एकट्याने दावा लढवणे पुरेसे नाही. कामगार संघटनांनी, कर्मचारी महासंघांनी आणि आपल्या संघटनांनी तीन मागण्या पुढे रेटल्या पाहिजेत. पहिली, ज्या आजारांचा उपचार मुळातच ओपीडीत होतो, त्यांच्यासाठी कलम २१ मधील समानतेचा अर्थ ओपीडी संरक्षण असा लावणारा आदेश नियामकाने काढावा. दुसरी, फुले जन आरोग्य योजनेत मानसिक आजारांची ओपीडी आणि औषधे यावीत. तिसरी, ठेकेदारी कामगारांची ईएसआय वर्गणी भरल्याचा पुरावा असल्याशिवाय महापालिकांनी ठेकेदाराचे बिल काढू नये.

यातली एकही मागणी नवी किंवा परदेशातून आणलेली नाही. आजारी कामगाराला दवाखान्याच्या दारातच संरक्षण मिळावे, हे तत्त्व बाबासाहेबांच्या मजूर खात्यात आकाराला आले होते. १९८६ मध्ये ते खाटेला बांधले गेले. ते सोडवून पुन्हा माणसाजवळ आणणे हे आपले काम आहे.

जय भीम!